दुसऱ्या क्रॅकनंतरचे वीस सेकंद

पहाटे ४.३०

नवतपा लागला की नागपुरात कॉफी पहाटेच भाजून घ्यावी लागते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि पुढचे नऊ दिवस खामल्यातल्या आमच्या टिनाच्या शेडमध्ये सकाळी दहानंतर ड्रमसमोर उभं राहायची सोय नसते. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला आणि आत ड्रम दोनशेवर. म्हणून अंधारातच कुलूप काढायचं, शटर वर करायचं, सिलिंडर उघडून बर्नर पेटवायचा आणि ड्रम रिकामाच फिरत ठेवायचा. अर्धा-पाऊण तास तरी तो तापायला हवा. काटा दोनशे दाखवतो ते आतल्या हवेचं. हवा चटकन तापते, लोखंड सावकाश. तेवढा धीर नसला की पहिली बॅच रेंगाळते आणि चवीला सपाट निघते.

तोवर मदतीचा पोरगा परातीत हिरवे दाणे निवडत बसतो. उमरेडकडचा आहे, घरी सोयाबीन आणि तूर. निवडणं त्याला शिकवावं लागलं नाही. काळे, फुटके, किडीनं टाचणीएवढं भोक पाडलेले दाणे तो बोलता बोलता बाजूला सारतो. माल चिकमगळूरचा. अरेबिकाची एस-७९५ ही जुनी जात, बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रातली, आणि सोबत थोडा कोडगूचा रोबस्टा. हिरव्या दाण्यात दहा ते बारा टक्के ओलावा असावा लागतो. नागपूरचा उन्हाळा हा आकडा फार दिवस टिकू देत नाही. उघड्या बारदानातला माल महिनाभरात हलका होतो, आणि असा सुकलेला दाणा ड्रममध्ये पडताच सैरावैरा तापतो. म्हणून बारदानाच्या आत जाड प्लास्टिकचं अस्तर आणि तोंड घट्ट बांधलेलं.

कुलर लावून टाका ना, असं लोक सुचवतात. कुलरची हवा गार असते तशी ओलीही असते, आणि भाजलेली कॉफी तो ओलावा ताबडतोब ओढून घेते. सगळं शहर कुलरसमोर झोपलेलं असताना आम्ही दोघं घामाच्या धारा पुसत एका पेडेस्टल पंख्यावर भागवतो. पंख्याचं तोंडही ड्रमकडे नाही, दाराकडे.

५.३०

पहिली बॅच मध्यम भाजणीची घेतो, मशीन ताळ्यावर यावं म्हणून. दुसरीपासून डार्क.

चार किलो दाणे वरच्या हॉपरमधून सोडले की काटा धाडकन खाली येतो, नव्वदच्या आसपास थांबतो आणि मग चढायला लागतो. पहिली चार-पाच मिनिटं काही घडत नाही असं वाटतं. दाणा आतलं पाणी सोडत असतो आणि शेडभर ओल्या गवताचा वास असतो. दीडशेच्या पुढे हिरवा रंग जाऊन पिवळा येतो, वास बदलतो, शेकलेल्या पोळीकडे झुकतो. ट्रायर म्हणजे ड्रमच्या तोंडातली लांब पळी. ती दर अर्ध्या मिनिटाला बाहेर काढायची, दाणे उजेडात बघायचे, हुंगायचे, परत आत ढकलायचे.

१९५च्या आसपास पहिला क्रॅक. दाण्यातल्या वाफेचा आणि वायूचा दाब इतका वाढतो की दाणा फुगून तडकतो, टपोरा आवाज करत. हलकी भाजणी इथून थोडं पुढे थांबते. आपलं काम मात्र इथूनच अवघड होतं. आतापर्यंत उष्णता घेणारा दाणा आता स्वतःच उष्णता सोडू लागतो. गॅस होता तसाच ठेवला तर काटा पळत सुटतो, आणि फार कमी केला तर भाजणी मधेच बसते, कॉफी बेचव होते. म्हणून क्रॅक सुरू व्हायच्या थोडं आधीच गॅस उतरवायचा, हवेची झडप उघडायची, धूर आणि फोलपटं बाहेर ओढू द्यायची. चांगल्या डार्कचं बरंचसं भवितव्य ह्या दोन मिनिटांत ठरतं. शेवट कुठे करायचा ते लोक विचारतात. तिथवर कसं पोचायचं ते फारसं कोणी विचारत नाही.

पुढची तीन मिनिटं शांत. दाणा तपकिरीचा गडद तपकिरी होतो, सुरकुत्या सुटतात, धूर दाटतो. आत बरीच उलथापालथ चाललेली असते. साखर जवळजवळ संपते. तिचा गोडवा जिभेपुरता उरत नाही, पण तिच्यातूनच तयार झालेला कॅरमेलचा वास नाकाला गोड लागतो. आंबटपणा ओसरतो. क्लोरोजेनिक आम्लं मोडत जातात. बेताच्या भाजणीत त्यांतून सौम्य, हवाहवासा कडूपणा येतो, आणि त्याहून पुढे गेलात की घशाला धरणारा, पाणी प्यायलं तरी न जाणारा.

२२४ला दुसरा क्रॅक. हा आवाज वेगळा. बारीक, कोरडा, लागोपाठ. आता दाण्याचा सांगाडाच तडकत असतो आणि आतलं तेल पृष्ठभागाकडे यायला लागतं. ह्या आवाजापासून माझ्या हातात साधारण वीस सेकंद असतात. दहाव्या सेकंदाला सोडलं तर चॉकलेट, भाजलेला अक्रोड, गुळाची कड. विसाव्याला सोडलं तर धुराची एक रेघ आणि जड अंग. दुधाला हीच लागते. चाळिसाव्या सेकंदाला चिकमगळूर, ब्राझील, व्हिएतनाम सगळे सारखेच लागतात, कारण चव दाण्याची राहत नाही, कोळशाची होते.

नागपूरकराला हे सांगायला एक सोपा मार्ग आहे: सावजीचा मसाला. खोबरं, खसखस, धणे, मिरे असे भाजायचे की रस्सा काळसर दिसला पाहिजे आणि जळका वास मात्र कुठे येता कामा नये. हलक्या हातानं भाजला तर तो सावजी नव्हे, आणि जाळला तर कोंबडी फुकट गेली. काळं आणि जळकं ह्यांतला फरक इथल्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कॉफीच्या बाबतीतच लोक तो विसरतात.

दार उघडायचं, दाणे खालच्या जाळीच्या ताटात, फिरते पाते सुरू, खालून पंखा. चार मिनिटांच्या आत हाताला सोसवतील इतके गार व्हायला हवेत. बाहेर पडलेला दाणाही स्वतःच्या आचेवर भाजत राहतो; ते धरूनच दार दोन-तीन सेकंद आधी उघडायचं. आणि बाहेरची हवा मे महिन्यातली नागपूरची असेल तर आणखी एक सेकंद आधी.

८.००

तर्री पोहे. वर चणे, कच्चा कांदा, आणि तर्री एवढी की पोहे शोधावे लागतात. त्यावर टपरीवरचा चहा. हो, चहाच.

९.३०

काल भाजलेल्या बॅचांची चव आज घ्यायची. काचेचे पेले मांडायचे, प्रत्येकात जाडसर दळलेली बारा ग्रॅम कॉफी, वर दोनशे मिलिलिटर गरम पाणी. चार मिनिटांनी वरची साय चमच्यानं मोडायची आणि नाक पार पेल्यात घालायचं. मग फेस काढून टाकायचा, कॉफी जरा निवू द्यायची आणि जोरात सुरका मारत प्यायची. पोरगा अजून हसतो. “ताई, घरी आबा असेच पितात, आई वरडते त्यायले.”

डार्कची परीक्षा कॉफी निवताना होते. गरम असताना कुठलीही कडक कॉफी रुबाब मारते. कोमट झाल्यावर राखेची चव वर आली की समजावं, पुढे गेली. जी कोमट असतानाही गोडसर राहते ती खरी.

दाणा वाईट असला की काळा भाजा, सगळं झाकून जातं, असा एक जुना धंदेवाईक सल्ला आहे. झाकलं जातं हे खरं आहे. डार्कची बदनामी त्यातूनच झाली. मोठ्या शहरांतल्या नव्या कॉफीवाल्यांना म्हणून हलकी भाजणी आवडते. तिच्यात फळं लागतात, फुलं लागतात, लिंबू लागतं, आणि मळ्याचं नाव चवीत उरतं. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. हलकी भाजणी दाण्याचं जे आहे ते दाखवते. नीट केलेली डार्क दाण्याचं काहीतरी वेगळं घडवते, आणि त्याला दाणा दणकट लागतो. समुद्रसपाटीपासून हजार मीटर वरचा, सावलीत सावकाश पिकलेला, घट्ट दाणा ती आच पचवतो. पोचट दाणा कडेनं जळतो आणि आतून कोरा राहतो. हलक्या कॉफीत थंड दूध घातलं तर जे होतं त्याबद्दल मी बोलत नाही. आपल्याकडे दहातली नऊ माणसं दुधाचीच कॉफी पितात. त्यांच्यासाठी भाजायची आणि त्यांच्या दुधालाच नावं ठेवायची, हे मला जमत नाही.

११.००

शटर पूर्ण वर, गिऱ्हाईक सुरू. गोकुळपेठेत सामान घ्यायला आलेले लोक उन्हं डोक्यावर यायच्या आत वाट वाकडी करतात.

पहिल्या मामी. सासरे रेल्वेत, तेव्हापासून घर नागपुरातच. बोलतात अस्सल नागपुरी, फक्त आकडे तमिळमध्ये मोजतात.

“मागच्या वेळी दिली होती तीच दे बेटा. पीबेरी ना?”

“पीबेरीच, मामी. रोबस्टा थोडा. चिकोरी किती?”

“वीस. त्याच्या आत नको, त्याच्या वर नको. आणि त्या मशीनवाल्यांसारखं मैद्याएवढं बारीक नको दळून देऊ, फिल्टर तुंबते माझं.”

पीबेरी म्हणजे फळात एकटाच वाढलेला गोल दाणा. चिकोरी ही एका रोपाची भाजलेली मुळी, आपल्याकडे मुख्यतः गुजरातेत पिकते. कॉफीत तिचं प्रमाण एकोणपन्नास टक्क्यांपर्यंत कायद्यानं चालतं, फक्त पाकिटावर छापावं लागतं. शुद्धतावादी तिच्या नावानं नाक मुरडतात. पण पितळेच्या फिल्टरमध्ये ती पाणी धरून ठेवते, डिकॉक्शन दाट करते, रंग देते. वीस टक्के ठीक. चाळीसच्या वर ज्यांना हवी त्यांना कॉफी नकोच असते.

मामी गेल्या आणि एक काका आले. “मॅडम, एकदम कडक द्या. काळीशार. झोप उडाली पायजे.”

“काका, झोप कॅफिननं उडते. ते भाजून फारसं कमी-जास्त होत नाही. तुम्हाला रोबस्टा जास्तीचा देते, त्यात अरेबिकाच्या दुपटीएवढं असतं.”

“मंग काळी कायले करता जी?”

प्रश्न चोख आहे. चवीसाठी, म्हटलं. काकांना ते उत्तर जरा महाग वाटलं. त्यात भाव. चार किलो हिरवे टाकले की डार्कमध्ये सव्वातीनच्या आसपास हाती येतात. पाणी जातं, वायू जातो, फोलपट जातं. हलकी भाजणी साडेतीनपर्यंत देते. म्हणजे जितकी काळी तितकी महाग पडते, आणि २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात रोबस्टाच टनाला पाच हजार डॉलरच्या वर गेल्यापासून स्वस्त काही उरलेलं नाही. एवढं सगळं काउंटरवर सांगत नाही. “पाव किलो नेऊन बघा,” म्हणते.

कॉलेजातली दोन पोरं विचारतात, आपल्या विदर्भात कॉफी होते का? होते. चिखलदऱ्याला. मेळघाटाच्या त्या डोंगरावर, साधारण अकराशे मीटर उंचीवर, महाराष्ट्रातली म्हणता येईल अशी कॉफीची झाडं आहेत. संत्र्याच्या मुलखात कॉफी म्हटल्यावर दोघं हसले, मग फोनवर शोधायला लागले. उत्पन्न थोडं, बाजार चालवण्याजोगं नाही. पण बागेतली झाडं बघायला पर्यटक जातात, आणि पाचशे ग्रॅम मिळाले तर मी आनंदानं भाजून बघेन.

१.००

शटर खाली. रस्त्यावर कुत्रंही नाही. डबा, ताक, कांदा. पोरगा फरशीवर ओलं पोतं टाकून झोपतो.

पाकिटं भरायचं काम बसून होतं म्हणून ते आत्ता. प्रत्येक पाकिटाला एकतर्फी झडप असते. आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, बाहेरचा ऑक्सिजन आत येत नाही. डार्कचा दाणा जास्त भुसभुशीत, म्हणून वायूही लवकर सोडतो आणि शिळाही लवकर होतो. हलकी कॉफी महिना-दीड महिना बरी असते. डार्क पंधरा-वीस दिवसांत संपवावी असं मी सांगते, आणि फ्रीजमध्ये ठेवू नका असंही सांगते. लोक फ्रीजमध्येच ठेवतात, उघड्या डब्यात, लसणाच्या चटणीशेजारी. भाजल्यावर दोन दिवसांनी डार्कच्या दाण्यांवर तेलाची चकाकी येते. ती बघून काहींना वाटतं, माल खराब. काहींना वाटतं, तेच अस्सल. दोन्हीत तथ्य नाही. दुसरा क्रॅक झाला एवढंच ते तेल सांगतं. त्यानंतर काय झालं ते कपातच समजतं.

४.३०

ऊन कलत नाही, पण वेळ झाली. वेस्ट हायकोर्ट रोडवरच्या एका कॅफेला दहा किलो पोचवायची. तिथला मुलगा हुशार आहे, वीस-एकवीसचा. कॉफी आवडते, पण शिकला तो हलक्या भाजणीवर, आणि तेच गणित डार्कला लावतो. ग्राइंडर बारीक, पाणी ९४ अंश, आणि एस्प्रेसो कडूजहर.

“दादा, डार्क आधीच अर्धी मोकळी झालेली असते. तिला ओढून काढायची गरज नाही.” ग्राइंडर दोन खुणा जाड. पाणी ९०वर. अठरा ग्रॅम कॉफी, कपात छत्तीसच्या ऐवजी तीस ग्रॅम, पंचवीस सेकंदांत बंद. बाहेर आली ती जाड, गडद, वर तांबूस साय. त्यानं चाखली, मग दूध वाफेवर फुगवून त्यात ओतलं आणि पुन्हा चाखली. काही बोलला नाही, फक्त ग्राइंडरवर पेननं खूण करून ठेवली.

पाण्याचं मात्र कॅफेवाल्यांनी ऐकायला हवं. पेंचचं किंवा कन्हानचं नळाचं पाणी गाळून घेतलं तर चालतं. बोअरिंगचं जड पाणी मशीनमध्ये पांढरा थर धरतं आणि चव मारतं. हे सांगून झालंय. पुन्हा सांगेन.

६.३०

परतताना सदरला इंडियन कॉफी हाऊस. इथली कॉफी उत्तम असते म्हणून नाही; कधी असते, कधी नसते. पण महाराष्ट्रातल्या एका मोठ्या वर्गाला घराबाहेर गडद कॉफी पहिल्यांदा अशाच ठिकाणी भेटली. घरी आपली कॉफी दुधाळ, गोड, वर जायफळ किसलेलं. पाहुण्यांसाठी, परीक्षेच्या जागरणासाठी, सर्दीसाठी. जायफळ छान लागतं, माझी तक्रार नाही. पण ते कॉफीचा वास भरून काढायला आलं, कारण आत कॉफीच थोडी असायची.

कॉफी हाऊसची गोष्ट मला मशीनइतकीच आवडते. परदेशी मागणी पडलेली, घरचा माल घरीच खपवायचा म्हणून कॉफी सेस कमिटीनं १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं हाऊस उघडलं. पुढे कॉफी बोर्डानं देशभर शाखा काढल्या. पन्नाशीच्या दशकात बोर्डानं त्या बंद करायला घेतल्या आणि कामगार रस्त्यावर यायची वेळ आली. तेव्हा केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन ह्यांनी कामगारांना सांगितलं की तुम्हीच चालवा. १९५७च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला पहिली सहकारी सोसायटी, ऑक्टोबरमध्ये दिल्लीला कामगारांचं पहिलं हाऊस, आणि मग शहरोशहरी. पांढरा कडक गणवेश आणि डोक्यावर तुऱ्याचा फेटा घातलेला वाढपी संस्थेचा भागधारकही असतो, हे आजही बऱ्याच गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं.

एक काळी मागवली, साखर वेगळी. शेजारच्या टेबलावर चार निवृत्त गृहस्थ वेगळ्या विदर्भावर बोलत होते. काल जिथे सोडलं होतं तिथूनच.

८.३०

शेडमध्ये परत, कारण सफाई उद्यावर टाकता येत नाही. सायक्लोनच्या डब्यात दिवसभराची फोलपटं साचलेली असतात, कागदाहून हलकी आणि अगदी कोरडी. डार्क भाजताना धुरासोबत ठिणगी तिथवर गेली की आग लागायला काही सेकंद पुरतात. डबा रिकामा, नळी ब्रशनं साफ, चिमणीच्या आत बोट फिरवून बघायचं. तेलकट काजळी हाताला लागली की रविवारी चिमणी उतरवायची. फोलपटं पोऱ्या पोत्यात भरून घरी नेतो, शेणखतात टाकायला.

वहीत आजच्या बॅचा लिहायच्या: टाकताना तापमान, पहिला क्रॅक, गॅस कधी उतरवला, दुसरा क्रॅक, सोडलं कधी, वजन किती आलं. तिसऱ्या बॅचसमोर “थोडी घाई” असं लिहिलं आणि खाली उद्यासाठी “१९५ला टाकायची, १९८ला नको”.

“उद्या आधी काय घ्यायचं ताई, रोबस्टा का पीबेरी?”

रोबस्टा. त्याला सावकाश आच लागते, आणि ड्रम तोवर पुरता तापून स्थिर होतो. पीबेरी गोल असते, ड्रममध्ये घरंगळत राहते, सगळीकडून एकसारखी भाजते. ती तिसरी किंवा चौथी घ्यावी. मामींची पाव किलो त्यातून काढायची आहे, आणि त्या काकांचा फोन आला होता, त्यांना अर्धा किलो हवी.

“काळीशार?”

“नाही. बायकोला सकाळी नेलेलीच आवडली म्हणे.”